विद्येतला व

मोखाड्याच्या पुढे, वावर-वांगणीच्या अंगाला आमची आश्रमशाळा आहे. मी तिथे अकरा वर्षं मराठी शिकवतो. संगणकाच्या खोलीची किल्लीही माझ्याच खिशात असते, कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. मी सांगलीकडचा. इथली मुलं विचाराला 'इचार' म्हणतात, विहिरीला 'इहीर' आणि विद्येला 'इद्या'. त्यांची घरची बोली वेगळी, मराठी शाळेत आल्यावर शिकलेली. हे ठाऊक असूनही मी रोज चिडायचो. 'व कुठे सांडलास?' हे माझं ठरलेलं वाक्य. मुलं माझ्या पाठीमागे त्याची नक्कल करतात, हेही मला माहीत आहे.

गेल्या वर्षी या खोलीत फार वाईट झालं. आमची बारावी झालेली एक मुलगी नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायला बसली आणि बघता बघता व्हायरस शिरून संगणकातल्या सगळ्या फायलींना कुलूप लागलं. जव्हारला खेपा घालून मिळवलेले तिचे दाखले स्कॅन करून त्यातच ठेवले होते. दुसरा संगणक नव्हता आणि अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. ती सारखी म्हणत होती, "सर, मी बसले तवाच ती मशीन तशी करत होती." मी ऐकून घेतलं नाही. तिच्या आईला सांगितलं, "मावशी, पोरीने भलतंच काहीतरी दाबलं." दिवाळीनंतर मायलेकी भिवंडीकडे वीटभट्टीवर गेल्या.

यंदा ती पुन्हा अर्ज भरणार होती. या वेळीही हुकलं तर घरचे तिचं लग्न लावून देणार, असं तिनेच मला निरोपात कळवलं होतं. मी घाबरलो. नाशकात एका कॉलेजचं नेटवर्क सांभाळणाऱ्या मित्राला फोन लावला. शाळेमागच्या टेकाडावरच काय ती रेंज मिळते, तिथे उभा राहून तो सांगेल ते वहीत उतरवून घेतलं.

"राउटरमधले डीएनएसचे दोन आकडे बदल," तो म्हणाला. "बाकी कशाला हात लावू नकोस."

मग त्याने समजावलं. संगणकाला नाव कळतं, पण पत्ता माहीत नसतो. कुठेही जायचं तर तो आधी कुणाला तरी विचारतो, या नावाचा पत्ता काय? आजवर आम्ही ज्याला विचारत होतो तो कुणाचाही पत्ता देऊन मोकळा व्हायचा, चोराचासुद्धा. हे नवे आकडे ज्याचे, तो नावं गाळून घेणारा आहे, चोरांच्या नावांची यादी बाळगतो. त्यातलं नाव आलं की पत्ता देतच नाही.

मला मोखाड्याचा जीपस्टँड आठवला. तिथे भाजी विकणारी एक म्हातारी बसते. कामाला न्यायला नवा मुकादम आला की माणसं जीपमध्ये चढण्याआधी तिला विचारतात. तिने नुसती मान हलवली तरी जीप रिकामी जाते. "एवढंच?" मी मित्राला विचारलं. एवढंच, तो म्हणाला.

आकडे बदलले आणि त्या गाळणाऱ्या सेवेच्या पानावर नोंदी उमटायला लागल्या. कोणतं नाव विचारलं, किती वाजता, जाऊ दिलं की अडवलं. मी थक्क होऊन बघत बसलो. एक साधं पान उघडायचं तरी तो बापडा संगणक ढीगभर ठिकाणांची चौकशी करत होता. आमच्याकडे एक फोटो उघडायला चहा पिऊन होतो, पण हे प्रश्न घाट उतरून जगात कुठेतरी जाऊन डोळ्याची पापणी लवेपर्यंत उत्तर घेऊन येत होते. कुणीतरी अनोळखी माणसं बसून ही यादी रोज वाढवत असणार. त्यांनी आमच्या शाळेचं नाव ऐकलेलं नाही आणि ती आमच्या मुलांना सांभाळतात. माझ्या अंगावर काटा आला. हात जोडावेसे वाटले, पण कुणाकडे तोंड करून जोडायचे ते कळेना.

अर्जाच्या दिवशी मुलगी आली. तिची आई बाहेर पायरीवर बसली. शोधायला गेलं की आधी जाहिरातीच उघडतात, म्हणून पत्ता स्वतः टाईप करायचा असा माझा नियम. अर्जाच्या त्या पत्त्याची सुरुवातच, इंग्रजी अक्षरांत, 'विद्या' अशी आहे. तिने एका बोटाने अक्षरं दाबली आणि पडद्यावर पान आलं, 'ही जागा धोकादायक आहे, अडवली आहे.' मी पत्ता वाचला. 'इद्या'!

"बघ! व कुठे सांडलास?" मी खेकसलो. तिने मान खाली घातली. मला भीती वाटली होती म्हणून माझा आवाज जास्तच चढला. पहिलं अक्षर गाळून टाईप करणारे लोक असतात, हे हेरून कुणीतरी त्याच नावाचा सापळा लावून ठेवला होता. तिला तो दाखवावा म्हणून मी नोंदींचं पान उघडलं.

अडवलेलं ते नाव तिथे दोनदा होतं. एक आत्ताचं. दुसरं सकाळी सव्वानऊचं.

सव्वानऊला खोलीत मी एकटाच होतो. ती येण्याआधी सगळं नीट चालतंय ना, हे बघायला मी तो पत्ता टाईप केला होता. अर्ज उघडेना तेव्हा, समोर काय आलंय ते न वाचताच नेटला शिव्या देऊन खिडकी बंद केली होती. अकरा वर्षं ज्यांचा व मी वेचत फिरलो, त्यांनी माझ्या बोटांतला कधी काढून घेतला मला कळलंही नव्हतं. आणि मग गेल्या वर्षीची सकाळ आठवली. तेव्हाही तिच्या आधी मीच बसून पत्ता टाकून बघितला होता. 'अर्ज उघडण्यासाठी हे डाउनलोड करा' असं काहीतरी आलं होतं आणि मी ते केलं होतं.

तिने या खेपेला व आधी दाबला. अर्ज गेला. पोचपावतीचा कागद गरम गरम बाहेर आला, तो घेऊन आम्ही दोघं पायरीपाशी गेलो.

"मावशी," मी म्हणालो, "गेल्या वर्षीची चूक बहुतेक माझी होती. हिच्या आधीच मी ते बिघडवून ठेवलं होतं."

"ह्ये तुमाला कोनी सांगला?"

"मशीनने. ती प्रत्येक गोष्ट आधी विचारून घेते, लिहून ठेवते."

आईने पावती घडी करून पदरात बांधली.

"आमची पोर तं तवाच सांगं," ती म्हणाली. "पन तिला कोनी इचारला?"