आतल्या खोलीतून बाहेर आलेल्या शरयूताई

शरयूताईंची आणि माझी ओळख शारजातल्या अल मजाज भागातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये झाली. माझ्या पिशवीतली मेथीची जुडी पाहून त्या म्हणाल्या, "मराठी ना? शनिवारी सकाळी माझ्याकडे या. युरोपवर बोलते मी. मेथीही आणा, निवडता निवडता ऐकता येतं." पुण्यात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या आणि शारजात मुलाकडे राहायला आलेल्या ताईंचा हा अभ्यासवर्ग. मनात म्हटलं, अगं बाई, ऑफिसात मीटिंगा काय कमी आहेत! पण गेले.

माझे यजमान जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरी होती, शाळकरी मुलगी होती. पण इथे आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं. राहायचं की सामान बांधून नाशिकला परतायचं, ते ठरत नव्हतं.

ताई पहिल्या महायुद्धानंतरचा युरोप सांगत. पुस्तकी नाही हं! घराघरातून माणूस गेलेलं, जग सुधारतच जाणार हा भरवसा मोडलेला, मुलं थोरांना उलट प्रश्न विचारू लागलेली, बायका कामाला बाहेर पडलेल्या. शेवटी त्यांचा ठरलेला प्रश्न असे: "आपल्या घरात याचं काय?" 'लोक', 'समाज' हे शब्द चालत नसत. बँकेतले देसाई हमखास शेजाऱ्यांबद्दल सांगत, मग ताई हसून म्हणत, "देसाई, आता स्वतःच्या घरी या!"

एका शनिवारी विषय शोकाचा होता. वर्षानुवर्षं काळे कपडे घालून घरात बसण्याची रीत युद्धानंतर कितीतरी विधवांनी सोडली, असं ताईंनी सांगितलं. मग तो प्रश्न आला, आणि माझ्याच्याने राहवेना.

"ताई, तुमच्याच घरचं सांगते. पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावणं गेलं. मला नाही."

"खलास!" देसाई पुटपुटले.

ताईंची सून अमृता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती रडवेली झाली. "आई, मला वाटलं, बोलावलं तर त्यांनाच वाईट वाटेल."

ताईंनी चष्मा काढला. "तिचं नाही, माझं चुकलं. मीही विधवाच. दर संक्रांतीला पुस्तक घेऊन आतल्या खोलीत बसते. माझ्याकडे बघूनच ती शिकली. तुम्हाला युरोप सांगते, आणि माझ्या घरात हे असं!" एवढ्या विद्वान बाई, पण सबब म्हणून एक सांगितली नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी त्या स्वतः माझ्या दाराशी आल्या. "आज मी बाहेर बसणार आहे. एकटीला धीर होत नाही. चला बरं." अमृताने पहिलं कुंकू ताईंना लावलं, ताईंनी मला. त्यांनी तिळगूळ हातावर ठेवला, आणि मी भरल्या घरात ढसाढसा रडले. माझी लेक कानाशी येऊन म्हणाली, "आई, सो वी आर स्टेइंग, राइट?" मी म्हटलं, "इन्शाल्ला."

राहिलो. ताई, या परक्या गावात मला माणसं मिळाली ती तुमच्यामुळे. हे ऋण मी आनंदाने मिरवते.

ताईंची यंदा पंचाहत्तरी. त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो, आवाज असाच खणखणीत राहो. त्या आतल्या खोलीत आता वर्गाच्या जादा खुर्च्या असतात. बसायला तिथे कोणी जात नाही. शंभराव्या वर्षीच्या संक्रांतीलाही ताईंनीच माझं दार वाजवावं. मेथी तशीच टाकून मी निघेन.