आईपाशी राहिलेले पहिले शब्द

धसईच्या गाडीचा कंडक्टर आमच्या ओळखीचा. मुरबाडच्या स्टँडवर मला बघून तो खाली उतरला. "बाय, घरी चला. सुमनवयनींना पान लागलं... नाय राहिल्या त्या." पेंढा काढताना साप चावला, एवढंच त्याला ठाऊक. माझ्या हातात तिच्याच परीक्षेसाठी घेतलेलं नवं पेन होतं. रडू आलंच नाही. मी त्याला तिकिटाचे पैसे किती, तेच विचारत राहिले. आज काही आठवडे झाले, तरी मला हे खरं वाटत नाही.

सुमनवहिनी म्हणजे माझी भावजय. शहापूरला अकरावीपर्यंत शिकलेली, मॅट्रिकला एका इंग्रजीने घात केला. यंदा पास झाली असती तर धसईच्या शाळेत मास्तरीण होणार होती. इंग्रज जाऊन बारा-पंधरा वर्षं झालेली, पण पेपरात ते ठाण मांडून बसलेले! तिचं घोडं अडायचं ते शब्दांच्या जोड्यांपाशी, कुठल्या शब्दाला कुठला लागतो तिथे. त्या जोड्या तिच्याकडून म्हणवून घ्यायला घरात कोणी नाही. मी सासरी, भाऊ दिवसभर शेतावर. मग तिने सासूलाच, माझ्या आईला धरलं. आईला अक्षरओळख नाही. वहिनीने प्रत्येक जोडीतला पहिला शब्द तेवढा तिच्याकडून पाठ करून घेतला. भाकरी थापता थापता आई म्हणायची, "हेवी." चुलीला फुंकर घालत वहिनी म्हणायची, "रेन." आई "स्ट्राँग", वहिनी "टी".

"हेवी म्हंजे काय गो?"

"जड."

"पावसाला कोन जड बोलतं?"

"आपन मुसळधार पाऊस बोलतो. मुसळधार दूध बोलतो काय? तसंच हाय ते."

"एकदा आमच्या भाताच्या आवणीला आणायला पायजे होता तुझा इंग्रज," आई म्हणायची, "चिखलात उभा केला असता म्हंजे कळला असता पाऊस."

कुरकुर करायची, पण एक दिवस चुकवायची नाही. भर बाजारात भाजीच्या पाट्यांपलीकडून ती "डीप" म्हणून हाक द्यायची आणि इकडून "वेल" यायचं. लोक हसायचे. मी माहेरी असले आणि वहिनी अडखळली, की माझ्या तोंडून उत्तर निसटायचं. आई डोळे वटारायची, "तू नको सांगू. तिला येतंय."

परवा पुन्हा माहेरी गेले. पेन देवळीत तसंच पडलेलं. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. "हेवी," ती म्हणाली आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "हेवी..." मला सहन होईना. मी हळूच म्हटलं, "रेन."

आईचा हात परातीतच राहिला.

"तू नको सांगू," ती म्हणाली. "तिला येतंय. जरा दम धर."