कव्हरच्या कागदावरची नर्तकी

माझ्या सहावीच्या भूगोलाच्या पुस्तकावर एक बाई पायाच्या अंगठ्यावर उभी होती. पांढरा झिरझिरीत झगा, हात वर, आणि मान अशी की खाली जमीन आहे हे तिला ठाऊकच नसावं.

आमच्या काष्टी गावात शाळा उघडली की पुस्तकांना कव्हरं घालायची धांदल असायची. त्या वर्षी एका निवृत्त गुरुजींनी रशियाच्या मासिकांचा गठ्ठाच शाळेला देऊन टाकला. तो देशच मोडला, आता मासिक काही येत नाही, म्हणाले. मराठीत निघायचं ते, कागद छान गुळगुळीत. बाईंनी पानं सुटी करून वर्गात वाटली आणि झालं, त्यात छापून आलेलं त्या बॅले नाचणारीचं अख्खं आयुष्य आमच्यात वाटलं गेलं. तिचं लहानपण माझ्या भूगोलावर, तिची नाचाची शाळा खिडकीजवळच्या मुलीच्या गणितावर, आणि देशोदेशी तिचं नाव झालं ते कुणाच्या तरी हिंदीच्या वहीवर.

एरवी मला कुणाच्या आयुष्याची एवढी पडली नसती. पण घरी आक्का होती, माझी मोठी बहीण. पंचमीला तिच्यासारखी फुगडी गावात कुणी घालत नव्हतं. त्या उन्हाळ्यात ती उसाच्या ट्रॉलीवरून पडली. नगरच्या डॉक्टरांनी पायात सळई घातली, वर प्लास्टर. पाय पहिल्यासारखा होईल का, असं आईनं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा ते 'बघू' म्हणाले. तेव्हापासून आक्का पडवीत खाटेवर पत्र्याकडं बघत पडून असायची. बोलायची नाही. मला तिचा रागही यायचा आणि रडूही यायचं.

एका संध्याकाळी मी भूगोलाचं कव्हर काढून तिला वाचून दाखवलं. पान संपलं तशी आक्का म्हणाली, "फुडं?"

महिनाभरातला तिचा पहिला शब्द. मग काय, मी रोज एक पान पैदा करायला लागले. आपलं कव्हर देऊन दुसरीचं घ्यायचं, नाहीतर तिचा गृहपाठ लिहून द्यायचा. मी काही फार गुणाची नव्हते. एकीला तर, तू कॉपी केलीस ते बाईंना सांगीन, असा दमच भरला.

ऊन कलायचं, बाजरीवरून वारा यायचा, मी वाचायची आणि आक्का डोळे मिटून घ्यायची. शंभर वादक एकदम वाजवायचे म्हणे त्या नाचणारीसाठी. आम्हाला माहीत लग्नातला बँड, तो बारा जणांचा. पण त्या बाईला सगळ्यात जास्त आवडायचं ते तिची आई नदीवर धुणं धुताना म्हणायची ते गाणं. आता त्याची चाल कागदावर कुठून असणार? आक्का गुणगुणून बघायची.

"आसं आसंल का गं?"

"न्हाई. जरा सावकास. तिथं लई थंडी हाय."

थंडीत माणूस सावकाश गातं की घाईनं, यावर आमची रोज भांडणं. शेवटी एक चाल जमली. ती सुरू झाली की पडवी, पत्रा, लांबचा कारखान्याचा भोंगा, सगळं कुठंतरी मागं राहायचं. आपली खाट पाण्यावर चाललीय असं मला वाटायचं, आणि उतरूच नये वाटायचं.

मग एका पानाच्या तळाशी ती बाई नाचताना पडली. घोटा मोडला. 'डॉक्टर म्हणाले,' आणि पान संपलं.

आक्का हातावर जोर देऊन उठून बसली. "काय म्हनले डॉक्टर?"

पुढचं पान कुणाकडंच मिळेना. मी अख्खा वर्ग पालथा घातला. आठ दिवस आक्का गुणगुणली नाही की नीट जेवली नाही. आणि ते पान निघालं माझ्याच नागरिकशास्त्रावर. वर ट्रॅक्टरचं चित्र यावं म्हणून लिहिलेली बाजू आत घालून मीच कणकेच्या खळीनं चिकटवलं होतं. मूर्ख कुठली. पाणी लावून लावून सोडवलं. ती बाई पुन्हा कधीच नाचली नव्हती. आईचं ते गाणं ऐकत खिडकीत बसायची, एवढंच होतं त्यात.

संध्याकाळी मी ते पान समोर धरलं आणि धडधडीत खोटं वाचलं. सहा महिन्यांनी ती परत उभी राहिली, नाचली, लोकांनी फुलं टाकली. आक्का हसली. मी पान गोधडीखाली सारलं.

पंचमीपर्यंत प्लास्टर निघालं. पाय वाळलेला, गुडघ्यात वळेना. अंगणात पोरी जमल्या, फुगड्या सुरू झाल्या आणि ओट्यावर बसलेल्या आक्कानं खांबाला हात घातला. माझ्या खोट्यापायी ही आता उठणार आणि पडणार. मी धावत गेले.

"आक्का, उठू नको. ती न्हाई नाचली परत. म्या खोटं वाचलं."

"ठावं हाय," आक्का म्हणाली. "तू शाळंत गेल्यावर वाचलं म्या ते पान. पाय आखडला म्हून खांब धरला, येडे."

मला तोंड वर करवेना. तिनं माझी वेणी ओढली.

"एक सांज का व्हईना, नाचवलीस तिला. आता जा, माझ्या वाटची फुगडी घाल. मी म्हनते गानं."

मला फुगडी धड येत नव्हती. घातली. मागून आक्काचा आवाज येत होता, मोकळा, खणखणीत. रडत होते ती मी.