डावीकडून नवी, उजवीकडून जुनी

पोशेऱ्याच्या प्रमिलानं जव्हारच्या वेशीवर पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि बाहेर पाटी लावली, 'प्रमिला रबिंग-पॉलिश'. त्या आठवड्यात तिच्याकडं आलेलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे गौराबाई. गौराबाईच्या डोक्यावर पितळेचा हंडा होता.

"बायो, हा तेवढा चकचकीत करून दे. चिंच लावून लावून माझी बोटं झिजली."

"मावशे, माझं मशीन गाडीच्या रंगासाठी हाय."

"मंग माझा हंडा काय गाडीपेक्षा हलका हाय?"

प्रमिलानं हंडा हातानंच घासून दिला. तो असा निघाला, की दुसऱ्या दिवशी दोन समया, एक घंगाळ आणि एकाचे लग्नातले बूट येऊन पडले. गाडी मात्र एकही आली नाही. गाडीवाले येत, मशीनकडं बघत, मग तिच्याकडं बघत आणि विचारत, "मालक कुठंय?" नवरा नितीन बाजूलाच पंक्चर काढत बसलेला असे. तो मान वर न करता बोट दाखवायचा. "मालक तीच."

हे काम ती ठाण्यात शिकली होती. नितीन तिथं बांधकामावर होता आणि ही एका गाड्या धुण्याच्या सेंटरवर फडकं मारायला. तिथला पॉलिशवाला सुशील दिवसभर गाडीच्या दारावर ते गरगर फिरणारं मशीन फिरवायचा आणि मळकं दार आरशासारखं करायचा. प्रमिलाचं फडकं हातातच राहायचं. एकदा तो वैतागून म्हणाला, "देखती क्या है, पकड!" तिनं पकडलं, बटण दाबलं आणि मशीन तिला घेऊन निघालं. कंपाउंडचे, म्हणजे घासायच्या पांढऱ्या मलमाचे, शिंतोडे भिंतीवर, छतावर आणि सुशीलच्या मिशीवर. तिला वाटलं, आजच घरी बसायची वेळ आली. पण सुशीलनं मिशी पुसली आणि एवढंच म्हणाला, "दबानेका नहीं. उसको चलने देनेका, तू बस साथ में चल." ते तिला पटलं. भात लावताना चिखलात पाय असेच टाकावे लागतात, हे तिला ठाऊक होतं. चार वर्षांत सुशील अवघड गाड्या तिच्याकडं सरकवायला लागला. पुढं सासऱ्यांना शेत होईना, मुलं शाळेची झाली, तेव्हा दोघं परत आली. येताना तिनं एक वापरलेलं मशीन मांडीवर घेऊन एसटीचा सगळा प्रवास केला.

आणि इथं ती समया घासत बसली होती.

एका शनिवारी कांतीलालशेठ आले. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. गडद निळी गाडी, अकरा वर्षांची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना मुलासाठी, ऋत्विकसाठी, मुलगी बघायला नाशिकला जायचं होतं.

"बाई, ही जरा बरी दिसेल असं काही होतं का? खरं सांग. होत नसेल तर मी हार घालून झाकून नेतो."

प्रमिलानं गाडी सावलीत घेतली आणि बॉनेटवर तिरकं बघितलं. हजारो बारीक गोल चरे. कोळ्याच्या जाळ्यासारखे.

"शेठ, ही कशानं धुता?"

"रोज सकाळी मी स्वतः धुतो," शेठ अभिमानानं म्हणाले. "काथ्या आणि साबणाची पावडर."

"गाडी धुता का कढई घासता?"

नितीननं तोंड फिरवलं. शेठ म्हणाले, "तोंड तर चालतं. हात चालतो का बघू."

तिनं चऱ्यांवरून नख फिरवलं. नख अडकत नव्हतं. म्हणजे चरे वरवरचे होते, निघतील. तिनं गाडी धुतली, काचेच्या रबरांवर टेप लावली आणि शेठचा विश्वास बसावा म्हणून बॉनेटच्या बरोबर मधून एक उभी टेप मारली. "आधी डावी बाजू करते. पटलं तर पुढं."

मशीन सुरू झालं. ती त्याच्याबरोबर चालत राहिली. एका जागी थांबलं तर रंग भाजतो, म्हणून न थांबता, आडवं, मग उभं. मधेच हाताची पाठ लावून पत्रा किती तापलाय ते बघायची. वीस मिनिटांनी तिनं पुसून टेप काढली. डावीकडं शेडचा पत्रा, बाहेरचं सागाचं झाड आणि शेठचं पोट जसंच्या तसं दिसत होतं. उजवीकडं नुसता निळसर धुरळा.

शेठ डावीकडं गेले. उजवीकडं आले. परत डावीकडं गेले.

"कर," ते म्हणाले. "सगळी कर. मी जेवून येतो."

तिनं डावी दोन्ही दारं केली, मागचा पत्रा केला, डाव्या बाजूला वॅक्सचा हातही फिरवला. वळून उजवीकडं मशीन टेकवलं आणि लाइट गेली.

जामसरकडं तारांवर झाड पडलं होतं. लाइट उद्या येईल, असं कळलं. नितीन जनरेटर आणायला मांडववाल्याकडं धावला, तर जनरेटर मोखाड्याला लग्नात गेलेला. प्रमिलानं हातानं घासून बघितलं. तासाभरात खांदे भरून आले आणि वीतभर जागाही धड झाली नाही.

शेठ आले. गाडीभोवती एक फेरी मारली. अर्धी फेरी हसतमुखानं, उरलेली अर्धी डोक्याला हात लावून.

"बाई, हे काय केलंस? अर्धीच हजामत करून न्हाव्यानं उठवावं तसं झालं हे!"

प्रमिलाला रडू येत होतं. पण तोंडातून निघालं भलतंच. "शेठ, नाशकात गाडी लावताना डावी बाजू घराकडं करा. कुणाला कळायचं नाय."

शेठनी तिच्याकडं बघितलं, दार आपटलं आणि निघून गेले. बाजारातून जाताना रस्त्याच्या एका बाजूची माणसं म्हणाली, शेठनी नवी गाडी घेतली. दुसऱ्या बाजूची म्हणाली, काहीतरीच काय!

रविवारी दुपारी लाइट आली. प्रमिला पुसलेलं मशीन परत पुसत बसली. मुलाचं लग्न मोडलं तर शेठ तिची पाटी उखडून नेतील, असं तिला वाटत होतं. नितीन म्हणाला, "गाडी बघून कुणी पोरगी देतं का?" ती म्हणाली, "देतात. तुझी सायकल बघून माझा बाप अडला होता."

सोमवारी निळी गाडी शेडपुढं थांबली. शेठ उतरले. चेहरा गंभीर.

"तू सांगितलंस तशी लावली. डावी बाजू दाराकडं. मुलीचे काका दोनदा म्हणाले, गाडी काय ठेवलीय! मी आपला, हो, काळजी घ्यावी लागते. आत मात्र सगळे गप्प. मुलगा जमिनीकडं बघतोय, मुलगी चहाच्या कपाकडं. निघालो. सगळे निरोप द्यायला बाहेर आले. गल्ली पुढं बंद. गाडी वळवली."

प्रमिलानं पदर तोंडाला लावला.

"काकांनी विचारलं, 'शेठ, तुम्ही आला होतात ती गाडी कुठंय?' आणि मुलगी, किमया तिचं नाव, अशी खदखदून हसली की तिला बसावं लागलं पायरीवर. तिला बघून ऋत्विक हसला. मग मला सगळं सांगावंच लागलं. लाइट, झाड, तू, तुझी ती डाव्या बाजूची अक्कल. परत आत नेलं आम्हाला. परत चहा. पोरं तासभर बोलत बसली."

"मंग?" नितीननं हातातली ट्यूब खाली ठेवली.

"काल रात्री फोन आला. मुलगी म्हणते, ज्यांना लपवता येत नाही अशी माणसं बरी. होकार आहे." शेठचा गंभीर चेहरा तेवढ्यावर सुटला. "आता उजवी कर."

तिनं मशीन उचललं. दारं होईपर्यंत शेडबाहेर माणसं जमली. शनिवारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गाडी बघितलेली माणसं होती ती, त्यांना वेगळं काही समजवावं लागलं नाही. दाभोशाचा जीपवाला माघ्या तर जीप घेऊनच आला आणि म्हणाला, "माझी पण कर. पण पुरी कर हां."

शेवटी वॅक्स. तिनं पातळ हात फिरवला, तो वाळून धुरकट होऊ दिला आणि मऊ फडकं शेठच्या हातात दिलं. "पुसा. हलक्या हातानं."

शेठनी ड्रायव्हरच्या दारावरून फडकं फिरवलं आणि धुकं विरावं तसं खालून निळं वर आलं. ते पुसत राहिले. मग खिशातून कंगवा काढला, वाकले आणि दारात बघून भांग पाडायला लागले.

"शेठ, सरका की," प्रमिला म्हणाली. "माघ्याची जीप आत घ्यायचीय."

"थांब गं," शेठ म्हणाले. "या बाजूनं मी अजून बघितलं नाही."