दरीजवळचे वळण

आईला डायलिसिसला नेले की समोरच्या शेजारशेजारच्या पलंगांवर सावंतकाका आणि पाटीलबाई मोबाइलवर मोटारींचा तोच जुना गेम आळीपाळीने खेळताना दिसत. एका हातात सुई, त्यामुळे खेळ दुसऱ्या हाताने. दरीजवळचे वळण दोघांनाही साधत नसे.

“काका, पुन्हा तिथंच पडलात!” बाई म्हणत.

“ओळखीची दरी आहे, बाई.”

गेममध्ये नवे काही उरले नव्हते. नवा असायचा तो टोमणा, आणि त्यासाठीच डाव पुन्हा लागायचा.

आज बाईंच्या पलंगावर दुसरा रुग्ण होता. बाई काल गेल्याचे नर्सने काकांना सांगितले. तरीही काकांनी दोघांचाच डाव लावला. बाईंची पाळी आली तेव्हा मोबाइल पोटावर ठेवून ते नुसते पाहत राहिले. गाडी सरळ दरीत गेली.

“बाई, पुन्हा तिथंच पडलात,” काका म्हणाले.