सोंड खाली सोडलेला हत्ती

वाशिमला एका नामवंत चित्रकाराच्या सुरुवातीच्या चित्रांचं संग्रहालय बघायला गेले. आत नव्या चुन्याचा वास आला आणि मी मनानं थेट मेडशीच्या आमच्या दारात पोचले. ताईचं लग्न होतं. तेव्हा साधा रंगारी असलेला हाच माणूस आमच्या दाराशेजारी हत्ती रंगवत होता.

"लग्नाच्या घरी सोंड वर पाह्यजे. खाली काहून काढली?" आई कडाडली.

"थकला हाय तो, काकू."

आईच्या सांगण्यावरून मीच त्यावर चुन्याचा कुंचला फिरवला.

इथं संग्रहालयात तसेच सोंड खाली सोडलेले हत्ती काचेआड होते. बाहेर येऊन ताईला फोन लावला, त्या हत्तीचं सांगितलं.

"तवा मी उंबऱ्यातच बसून होती," ताई म्हणाली. "माह्याकडे पाहूनच काढला होता त्यानं तो हत्ती."