खांद्याचे दहापैकी दोन

छातीच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरने विचारलं, "काका, दुखणं दहापैकी किती?" मी म्हणालो, "दोन." खरं तर नऊ होतं. पण नेमके तेव्हाच लेकीचे सासरे शहाळं घेऊन पलंगाशी उभे होते. व्याह्यांसमोर कण्हायचं नाही, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही, ते रक्तातच येतं. सिस्टरने 'दोन' लिहिलं, व्याही म्हणाले, "वाघ आहात," आणि पुढचा दीड दिवस मी ते वाघपण निस्तरत होतो.

दुखत होता उजवा खांदा. उजव्या फुप्फुसाचा तुकडा काढला होता, पण त्या जखमेची तक्रार नव्हती. पाठीत बारीक नळी घालून तेवढा भाग बधिर ठेवला होता. खांद्यात मात्र कुणीतरी पहार रुतवून विसरून गेल्यासारखं. खोकलो की जीव जायचा, म्हणून मी खोकतच नव्हतो. आणि व्यायामाच्या बाई बजावून जात, "खोकला नाहीत तर कफ साचेल, न्यूमोनिया होईल."

मग दिसेल त्याला सांगत सुटलो. राउंडचे डॉक्टर फाइल बघून म्हणाले, "दोनच तर आहे. आणि खांद्याला आम्ही हातसुद्धा लावलेला नाही." मेहुणा म्हणाला, गॅस. शेजारच्या पलंगावरचे पेठ तालुक्याकडचे आजोबा म्हणाले, उशी वाईट. छाती फाडलेला माणूस तोंडाने सांगतोय, आणि सगळे विश्वास ठेवतायत कागदावर!

शेवटी बायकोने भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमना जिन्यात गाठलं आणि घेऊनच आली. त्यांनी फाइल उघडली नाही. म्हणाल्या, "खोका बघू." मी नुसता आव आणला, तेवढ्यावर त्यांना कळलं.

"छातीखाली श्वासाचा पडदा असतो. त्याची नस निघते मानेतून, खांद्याच्या नसांजवळूनच. पडदा दुखावला की मेंदूला वाटतं खांदा दुखतोय. पाठीतली नळी तिथवर पोचत नाही."

सोनोग्राफीचं यंत्र मानेला लावून त्यांनी बधिर करायचं औषध टोचलं, अगदी थोडं. जास्त झालं तर पडदाच सुस्तावतो म्हणे. चहा येऊन गेला तोवर मी पोटातून खोकलो. बायकोने मान फिरवून डोळे पुसले.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात मी इतकी वर्षं हेच शोधत आलो: बिघाड एकीकडे, अंधार दुसरीकडे. स्वतःच्या अंगातला मात्र ओळखता आला नाही. पण माझं सोडा. असं पुष्कळांना होतं, काही ठिकाणी तर ऑपरेशन चालू असतानाच त्या नसेवर औषध सोडतात, असं मॅडम सहज बोलून गेल्या. सहज! मग एका शब्दाने आधी सांगायला काय झालं होतं? बिनकामाच्या बारा कागदांवर सह्या घेतल्या, त्यात खांद्याची एक ओळ मावली नसती?

घरी आल्यावर तक्रार लिहायला बसलो. दोन पानं भरली. बायकोने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि कागद परत दिला.

"सगळं खरं आहे," ती म्हणाली. "पण यात ते शहाळं कुठे दिसत नाही."